यंत्राचा उच्छ्वास

श्वास घेण्याइतकेंच तो सोडणेंही प्राणिमात्रास आवश्यक असतें. यंत्राचीही गोष्ट याहून निराळी नाहीं. पण लहान मोटारसायकलचें इंजिन वाढविणाऱ्या हौशी मंडळींस याचा पुष्कळदां विसर पडतो.

१९५८ सालीं जपानांत निघालेल्या होंडा कब या गाडीचेंच उदाहरण घ्यावें. तिच्या पुढील पिढींतील ४९ घनसेंटिमीटरच्या इंजिनांत सिलिंडरचा व्यास ३९ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ४१.४ मिलिमीटर असे. धाव तीच ठेवून व्यास ५२ मिलिमीटर केला म्हणजे तेंच इंजिन ८८ घनसेंटिमीटरचें होतें. गाडी चढावर जोमानें धांवते, मालक हर्षभरित होतो. आणि थोड्याच दिवसांत इंजिनाखालीं तेलाचे थेंब दिसूं लागतात. सील बदलतात, पॅकिंग बदलतात. गळती मात्र थांबत नाहीं.

खरें कारण निराळेंच असूं शकतें. दट्ट्या खालीं येतो तेव्हां वर जेवढी जागा वाढते, तेवढीच खालच्या क्रँककेसमध्यें कमी होते. मिनिटास ६००० फेरे झाले, तर सेकंदास १०० वेळां हें घडतें. शिवाय ज्वलनाचा थोडा वायु रिंगांच्या फटींतून खालीं उतरतोच. पूर्वीं ४९ घनसेंटिमीटर हवा लोटणारा दट्ट्या आतां ८८ लोटतो. परंतु क्रँककेस तीच आणि हवा बाहेर जावयाची नळीही तीच! कोंडलेला वायु मग सांपडेल त्या फटीनें तेलासह बाहेर पडतो. दट्ट्यासही त्या दाबाशीं झुंजावें लागतें; म्हणजे कमावलेली शक्ति घरांतच खर्ची पडते.

उपाय साधा आहे. नळी थोरल्या व्यासाची घ्यावी. ती वर चढवून तेल सांठविणाऱ्या डब्यास जोडावी व डबा वेळोवेळीं रिकामा करावा. नळीवर हवा बाहेरच जाऊं देणारी झडप बसविल्यास दाब आणखी उतरतो. नळीचें तोंड मागील चाकावर येऊं देऊं नये. टायर तेलकट झाल्यास स्वार घसरून जिवावर बेतेल. तेल उडतें म्हणून नळीस बूच मारणें हा तर शुद्ध अविचार होय. एवढ्यानेंही धूर फार आला, तर रिंगा तपासाव्या.

हें सर्व चार धावांच्या इंजिनापुरतें. दोन धावांच्या इंजिनांत क्रँककेसचा दाबच इंधनमिश्रण वर ढकलतो. तेथें वाट पाडल्यास इंजिन चालणारच नाहीं.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें वडीलधारे सांगत आले. ज्यास पाय लांबच करावयाचे आहेत, त्यानें अंथरूणही लांब करावें.