दोघींची एक दिवसाची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीस ताईंनी आग्रह केला की, तुम्ही दोघी संभाजीनगर पाहून आलात, ते चार शब्दांत सांगा. आजकाल लंडन-पॅरिस पाहून येणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापुढे आमची ही सहल ती काय? तरीही सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींनी आपल्या मराठवाड्यातले हे शहर दवाखान्याच्या किंवा लग्नकार्याच्या निमित्तानेच पाहिले आहे, म्हणजे पाहिलेलेच नाही.

माझ्याबरोबर माझी मैत्रीण होती. नाव सांगू नकोस असे तिने बजावले आहे. ती आज इथेच बसली आहे. जायचे ठरले तेव्हा ती म्हणाली, "बाईने घराबाहेर पडायचे ते देवाला, बाळंतपणाला, नाहीतर मयताला. नुसते पाहायला कशी जाऊ? घरी काय सांगू?" मी म्हटले, "पाहायला जाते, असेच सांग." तिने तसेच सांगितले. घरी दोन दिवस अबोला झाला, पण तिसऱ्या दिवशी सूनबाईनेच शिदोरीला धपाटे करून दिले. मार्च 2023 पासून एस्टीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचीही सबब उरली नव्हती. पहाटेची गाडी धरली.

या गावाचे मूळ नाव खडकी. मलिक अंबराने 1610 साली ते वसवले. हा मलिक अंबर लहानपणी हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभारी झालेला! त्याने शहराला नहरांचे पाणी दिले. 1653 साली औरंगजेबाने गावाला औरंगाबाद हे नाव दिले आणि 2023 साली छत्रपती संभाजीनगर झाले. जुने दरवाजे अजून उभे आहेत. भडकल दरवाजा तर मलिक अंबराच्याच वेळचा, 1612 चा.

आम्ही आधी बीबीचा मकबरा पाहिला. लोक त्याला गरिबांचा ताजमहाल म्हणतात. मला ते नाव आवडले नाही. ताजमहालाला कोट्यवधी रुपये लागले. याचा खर्च 6,68,203 रुपये आणि 7 आणे झाला, असे एका जुन्या तवारिखेत लिहिले आहे. नजर जिथे आधी जाते तिथे, म्हणजे खालच्या भागाला आणि घुमटाला, संगमरवर लावला आहे. बाकीचे काम काळ्या दगडाचे, वर पांढरा गिलावा. तुटपुंज्या पैशात सण साजरा कसा करावा हे आपल्याला कोणी शिकवायला नको, म्हणून मला ते काम फार ओळखीचे वाटले.

पण आत गेल्यावर मन गलबलले. वरच्या कठड्यावरून खाली पाहिले की जाळीच्या मधोमध कबर दिसते. ती औरंगजेबाची बेगम दिलरस बानूची. सप्टेंबर 1657 मध्ये तिला मुलगा झाला आणि महिन्याभरातच, ऑक्टोबरात, ती गेली. तिच्या दिमतीला हकिमांची काय वाण होती? तरीही बाळंतपणाने तिला सोडले नाही. मैत्रीण हळूच म्हणाली, "मेल्यावर एवढा मकबरा बांधला, पण तिला जगवता आले नाही." भगिनींनो, आज आपल्या गावात आरोग्य केंद्र आहे, दवाखान्यात न्यायला गाडी मिळते. घरातल्या लेकीसुनेची नावनोंदणी आणि तपासणी वेळेवर करा, एवढेच या ठिकाणी सांगते.

मग पाणचक्की पाहिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशेजारी 1744 च्या सुमारास ती बांधली. दूरच्या डोंगरातले पाणी जमिनीखालून नळाने आणले, ते आपल्याच जोराने उंच चढवले आणि वरून हौदात सोडले. त्या पाण्याने खालचे चाक फिरे आणि वरचा दगड पीठ दळी. आल्यागेल्या फकिरांना आणि वाटसरूंना त्या पिठाचे अन्न मिळे.

माझी मैत्रीण सगळ्यांत जास्त वेळ इथेच उभी राहिली. आपला जिल्हा जनाबाईचा. गंगाखेडची जनी दळायला बसली की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावी, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या आज्या पहाटे उठून पायली-पायली दळत, पण त्यांच्या जात्याला हात लावायला कोणी आले नाही. आपण जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक करतो, आणि ते करावेच. पण ओव्या गोड होत्या, दळण गोड नव्हते. तीनशे वर्षांपूर्वी पाण्याकडून दळून घेण्याची युक्ती माणसाला ठाऊक होती, तरी घरोघरच्या बाईच्या खांद्याला सुटका मिळायला विजेची गिरणी गावात यावी लागली. बाईच्या कष्टावर उपाय असला तरी तो तिच्या उंबऱ्यापर्यंत यायला उशीर लागतो, हे मला तिथे उमगले.

शेवटी मकबऱ्यामागच्या डोंगरातली लेणी पाहिली. ही बौद्ध लेणी वेरूळ-अजिंठ्याइतकी गाजलेली नाहीत, म्हणून गर्दीही नव्हती. पायऱ्या चढताना गुडघे बोलू लागले. सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात भिंतीवर एक स्त्री नाचते आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या वाजवणाऱ्या, त्याही साऱ्या स्त्रियाच! कोणी बासरी वाजवते आहे, कोणी ताल धरला आहे. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचे हे काम. मैत्रीण बघतच राहिली आणि म्हणाली, "हे तर आपले मंडळच!" आम्ही दोघी इतक्या हसलो की पहारेकरी डोकावून गेला.

रात्री उशिरा घरी परतलो. घर जागच्या जागी होते. कोणी उपाशी राहिले नव्हते.

आता माझी एक सूचना आहे. मंडळात एक डबा ठेवावा. दरमहा जिला जमेल तसे तिने त्यात टाकावे आणि वर्षातून एकदा सहल काढावी. जी कधीच कुठे गेली नाही, तिचे नाव यादीत पहिले असावे. जिला घरून परवानगी मिळत नसेल तिच्या घरी आपण चौघीजणी जाऊन बसू, चहा घेऊ आणि बोलू. लांब नको. चारठाण्याची जुनी देवळे तर आपल्याच जिल्ह्यात आहेत.