पडद्यापर्यंत न पोचलेली गोष्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी गाणी आणि फराळ यांच्या मध्ये एक भाषण असावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. ते भाषण फार लांबू नये, अशीही रीत आहे. दोन्ही पाळण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

मला विषय मिळाला तो असा : कादंबरीवरून मालिका काढतात, तेव्हा काय मिळते आणि काय हरवते? विषय मोठा आहे, म्हणून मी एकच पुस्तक घेते. त्याचे नाव ‘किन्ड्रेड’, म्हणजे आपल्या भाषेत ‘रक्ताची माणसे’. ते ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेने लिहिले व 1979 साली प्रसिद्ध झाले. पुढे 2022 च्या डिसेंबरात त्यावरून आठ भागांची मालिका आली.

लेखिकेविषयी दोन शब्द सांगते. बाईंचा जन्म 1947 सालचा, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गावचा. वडील लवकर गेले. आईने लोकांच्या घरी कामे करून मुलीला वाढविले. मागच्या दाराने आत जायचे, मालकीण अपमानाचे बोलली तरी ऐकलेच नाही असे दाखवायचे, हे मुलीने लहानपणी पाहिले होते. पुढे कॉलेजात एक तरुण भेटला. त्याला आपल्या वडीलधाऱ्यांचा संताप होता. इतके सोसले कशाला, उलटून का उठले नाहीत, असे तो म्हणे. बटलरबाईंना मात्र ठाऊक होते की, त्या सोसण्यावरच आपल्या पोटात चार घास गेले. तेव्हा आजच्या मुलीला उचलून थेट त्या काळात ठेवावे आणि ती कशी निभावते ते पाहावे, या विचारातून कादंबरी जन्माला आली.

कथा अशी. डेना ही सव्वीस वर्षांची कृष्णवर्णीय लेखिका. तिचा नवरा केव्हिन गोरा, तोही लेखक. 1976 च्या जून महिन्यात ती दोघे नव्या घरी पुस्तके लावीत असता डेनाला घेरी येते आणि ती जाऊन पडते मेरीलँड प्रांतातल्या एका नदीकाठी. काळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा. समोर एक गोरा मुलगा बुडतो आहे. ती त्याला वाचविते. हा रूफस, गुलाम बाळगणाऱ्या जमीनदाराचा मुलगा, आणि डेनाचाच एक पूर्वज! त्याच्या जिवावर बेतले की ती तिकडे ओढली जाते, आणि तिच्या स्वतःच्या जिवावर बेतले की परत येते. असे सहा वेळा होते. यंत्र नाही, मंत्र नाही, कारणही सांगितलेले नाही. इकडे घरी आठवडा गेला तर तिकडे पाच वर्षे उलटतात.

आता त्यातली मेख पाहा. डेनाच्या घरच्या बायबलात वंशावळ लिहिलेली आहे. तीत रूफस आणि ॲलिस यांची मुलगी हेगर, हे नाव आहे. तिच्यापासून डेनाचे घराणे चालले. म्हणजे हेगर जन्माला येईपर्यंत रूफस जगलाच पाहिजे, नाहीतर डेनाच नाही. ॲलिस ही स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. तिचे आयझॅक नावाच्या गुलामाशी लग्न झालेले. रूफस तिच्यावर अत्याचार करतो. नवराबायको पळतात, पकडली जातात. नवऱ्याला दूर विकतात, आणि रूफस ॲलिसला विकत घेतो. मग तो डेनाला म्हणतो, तू तिची समजूत घाल, नाहीतर तिला मार खावा लागेल. डेना निरोप घेऊन जाते. ॲलिसपुढे तीनच वाटा आहेत : जाणे, मार खाऊन जाणे, किंवा पुन्हा पळून कुत्र्यांच्या तोंडी पडणे. ॲलिस जाते.

भगिनींनो, सबंध कादंबरीतले हे सर्वांत अवघड पान आहे, असे मला वाटते. यात चाबूक नाही, रक्त नाही. एक बाई दुसऱ्या बाईला चांगल्या मनाने सल्ला देते आहे, आणि त्या सल्ल्यात तिचा स्वतःचा जीवही गुंतला आहे. तेवढ्याने तिला दोषी म्हणावे का? ती नाही म्हणती, तर ॲलिस सुटली असती का? लेखिका निवाडा देत नाही. जुलूम केवळ जुलूम करणाराच्या बळावर चालत नाही. तो समजूत घालणारांच्या कनवाळूपणावरही चालतो, एवढे ती दाखविते.

तिथलीच स्वयंपाकीण सेरा पाहा. तिची तीन मुले मालकाने विकली, आणि त्या पैशांत घरात नवे सामान आले. एक मुकी मुलगी मागे ठेवली. त्या एका मुलीसाठी सेरा चूल सांभाळते आणि तोंडातून ब्र काढीत नाही. तिला भित्री म्हणणे सोपे आहे. डेनाही आधी मनात तसेच म्हणते. पण पुढे तिला कळते की, गप्प बसण्याला किती बळ लागते.

आता मालिकेकडे येते. ब्रँडन जेकब्स-जेन्किन्स या नाटककाराने ती सिद्ध केली. मॅलोरी जॉन्सन हिने डेनाचे काम फार चांगले केले आहे. काळ बदलून 2016 केला आहे, त्याला माझी हरकत नाही. शेजारचे गोरे जोडपे खिडकीतून डोकावते, संशय घेते. आजचा पहारा कसा असतो ते त्यातून उमगते. डेनाची आई त्या जुन्या काळात अडकलेली सापडते, हीही भर नवीच आहे, आणि आईलेकींचे प्रसंग मनाला लागतात.

पण दोन गोष्टी हरवल्या. पहिली म्हणजे लग्न. मालिकेतला केव्हिन हा नुकता ओळख झालेला तरुण आहे. कादंबरीत तो नवरा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मिश्रविवाहांवरील बंदी सबंध देशात रद्द केली ती 1967 साली. म्हणजे कथेच्या आधी केवळ नऊ वर्षे. डेना आणि केव्हिन यांच्या लग्नाला दोन्हीकडून विरोध झालेला. असा विश्वासाचा नवरा त्या काळात जाऊन तिचा मालक असल्याचे सोंग करतो, आणि ते सोंग त्याला हळूहळू सोसवू लागते, याची भीती काही और आहे. कालपरवा भेटलेल्या माणसाबद्दल ती भीती कशी वाटावी?

दुसरी हानी मोठी. मालिकेत रूफस शेवटपर्यंत लहान मुलगाच राहतो. पुढचे भाग काढायचे मनात असेल, म्हणून कथा संथ चालविली. आणि 2023 च्या जानेवारीत मालिका बंद केल्याचे जाहीर झाले. त्यामुळे तो मुलगा मोठा होऊन बापासारखाच होतो, हे पडद्यावर आलेच नाही. मोठी झालेली ॲलिस आली नाही, तो निरोप आला नाही, हेगर आली नाही. उरली ती भीती : आता पकडतील, आता मारतील. भीती खरी आहे. पण भीती पाहून आपण डेनाच्या बाजूला सुखाने बसतो. कादंबरी आपल्याला त्या सुखात बसू देत नाही.

म्हणून मालिका वाईट, असे मी म्हणत नाही. पुष्कळांना पुस्तकाचे नाव तिच्यामुळेच कळले असेल. ज्यांनी ती पाहिली त्यांना एवढेच सांगते की, आपण अर्ध्या वाटेवर उतरला आहात.

‘हे अमेरिकेचे दुखणे, आपल्याला त्याचे काय?’ असे कोणी विचारील. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केली होती. पुण्यात बसून त्यांना ते दुखणे परके वाटले नाही. आपल्यापैकी प्रत्येकीने कधी ना कधी एखाद्या मुलीला ‘निभावून घे, बाई’ असे म्हटलेले ऐकले आहे. म्हणणारी दुष्ट नसते. पण त्या सल्ल्याने कोणाचे घर वाचते आणि कोणाची किंमत मोजली जाते, हे विचारावयास ही कादंबरी शिकविते.

पुस्तक मोठे नाही, भाषा सोपी आहे. शेवट मी सांगणार नाही. डेना शेवटच्या खेपेहून सबंध परत येत नाही, तिचा एक हात जातो, हे लेखिका आरंभीच सांगून टाकते. तो कसा गेला ते आपणच वाचा. मंडळाच्या वाचनवर्गात पुढच्या खेपेस हे पुस्तक घ्यावे अशी माझी सूचना आहे. वाचून झाल्यावर ‘ॲलिसला आपण काय सांगितले असते?’ या एकाच प्रश्नावर बोलू. एकमत होणार नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते.