महिन्याची वही आणि हॉटेलातले जेवण



या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापून आला, तेव्हा इगतपुरीतला आमचा एक जुना सभासद आम्हांला रस्त्यात अडवून म्हणाला, "भाऊ, पगारवाढ मागायची सोडून हॉटेलची जाहिरात करायला लागलात की काय?" प्रश्न रास्त होता. कामगाराने खर्च कसा करावा हे त्याला शिकविणारे लोक बहुधा मालकाच्या बाजूने बोलतात, असा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे. पगाराचा करार चालू असताना टेबलाच्या पलीकडून हमखास ऐकू येते, की तुमच्या लोकांना पैसा पुरत नाही कारण त्यांना वापरता येत नाही. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो, की ज्याच्या पगारात दोन वेळची चूल पेटत नाही त्याला काटकसर सांगणे हा अपराध आहे. त्याच्यासाठी आम्ही बोलत नाही; त्याच्यासाठी भांडावे लागते. आज बोलायचे आहे ते ज्यांची चूल पेटते, पण महिन्याची पंचवीस तारीख ज्यांना डोंगरासारखी वाटते, त्यांच्याविषयी.

महामार्गावरच्या एका कारखान्यात काम करणारा आमचा एक सभासद आहे. हातात चोवीस हजार पडतात. घरी बायको आणि दोन मुले. गेल्या वर्षी तो उसने पैसे मागायला आला. पैसे देण्याआधी आम्ही त्याला एक वही दिली आणि सांगितले, की महिनाभर घराबाहेर तोंडात जाणारा प्रत्येक घास यात लिही. तो हसला, पण त्याने लिहिले. दिवसाला दोन चहा आणि एक वडापाव मिळून चाळीस रुपये. सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस. शनिवारी मित्रांबरोबर 'बसणे', दर वेळी अडीचशे. चार शनिवारांचे हजार. मुलांनी हट्ट केला म्हणून चायनीजचे पार्सल तीन वेळा, पाचशे चाळीस. एकूण दोन हजार पाचशे ऐंशी.

आकडा पाहून तो चपापला. आम्हांला मात्र त्या आकड्यापेक्षा त्याच्या बायकोचे बोलणे लागले. ती उंबऱ्याशी उभी होती. म्हणाली, "यातलं माझं किती आहे ते मांडा की." वही उलटीसुलटी चाळली. तीन पार्सलांतल्या उरल्यासुरल्या घासांपलीकडे तिचे काहीच नव्हते. लग्नाला बारा वर्षे झाली होती. एवढ्या काळात सण-लग्नाच्या पंगतीखेरीज तिला कोणी बसवून वाढले नव्हते. अडीच हजारांचे 'बाहेरचे खाणे' होत होते आणि घर म्हणून ती माणसे एकदाही बाहेर जेवली नव्हती.

आम्हांला आमची आई आठवली. वडील रेल्वेत. घाट चढून आलेल्या गाडीचे मागचे बँकर इंजिन सुटल्याची शिट्टी आमच्या खोलीत ऐकू येई, इतके स्टेशन जवळ. पगाराच्या संध्याकाळी वडील फलाटावरचा बटाटेवडा कागदात बांधून आणीत. घरी येईपर्यंत, विशेषतः आमच्या पावसात, तो गार होई. आईने तो फलाटावर उभे राहून गरम कधीच खाल्ला नाही. तिला कोणी मनाई केली नव्हती. कोणी चल म्हटले नव्हते, इतकेच.

आता पाहा, हा हिशेब सरकारदरबारी कसा मांडला गेला आहे. 1957 साली भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतनाचे माप ठरले. कामगाराचे कुटुंब म्हणजे तीन भक्षक एकके. पुरुष एक, बायको आठ दशांश, दोन मुले प्रत्येकी सहा दशांश. डॉ. आयक्रॉइड यांच्या मापाने दर एककाला 2,700 उष्मांक, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ यांसाठी वीस टक्के. आम्ही हा ठराव प्रथम वाचला तेव्हा नववी सुटलेला पोरगा होतो. शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. त्यात आम्हांला माणूस पोटापुरता दिसला. बायकोचे ते आठ दशांश तर आजही घशात अडकतात. पुढे 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सांगितले, की यात आणखी पंचवीस टक्के धरा. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभासह किमान करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी. करमणूक हा शब्द वेतनाच्या हिशेबात आला. तेव्हा महिन्यातून एकदा कामगाराने सहकुटुंब हॉटेलात बसणे ही चैन आहे असे कोणी म्हणाले, तर हा निकाल त्याच्यापुढे ठेवावा.

आणि हॉटेलात बसणे ही क्षुल्लक गोष्ट आहे असे समजू नका. आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, जात, लिंग यांवरून तेथे कोणाला अडवता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांना हे लिहावे लागले, कारण याच देशात चहाची कपबशी वेगळी ठेवली जात होती. ज्यांच्या आजोबांना दाराबाहेर उभे राहून चहा घ्यावा लागला, त्यांच्या नातवंडांनी पंख्याखाली बसून थाळी मागवावी, याचा आम्हांला मनापासून आनंद होतो.

असो. त्या सभासदाच्या वहीकडे वळू. चहा आम्ही तोडला नाही. ज्याने पाळी केली नाही तोच चहा तोडायला सांगेल. वडापाव सहा दिवसांवरून दोन दिवसांवर आला, उरलेले दिवस डब्यात पोहे किंवा भाकरी. चहा-वड्याचे सातशे झाले. शनिवार चारांचे दोन, म्हणजे पाचशे. पार्सल बंद. बाराशेत भागले, तेराशे ऐंशी उरले. त्यांतले सातशे पगारानंतरच्या पहिल्या रविवारच्या जेवणाला बाजूला काढले आणि सहाशे ऐंशी बचतीला. उसने मात्र त्याला द्यावेच लागले. वही जुने कर्ज फेडीत नाही.

सातशेत चार माणसे कशी जेवतील, असे बहिणींच्या चेहऱ्यावर दिसते. जेवतात. दुपारी जावे, थाळी घ्यावी. सूप, स्टार्टर, रंगीत पाणी यांतच बिल फुगते. थाळी मर्यादित आहे की पोटभर, हे बसण्यापूर्वी विचारावे. पोटभर थाळीत बहुतेक ठिकाणी वाटून खाऊ देत नाहीत, मर्यादितमध्ये लहान मुलाचे भागते. साधे पाणी मागावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. मग बिल वाचावे. आपण पगाराची स्लिप वाचायला शिकलो, तसे हेही शिकले पाहिजे. साध्या उपाहारगृहाचा जीएसटी 2017 च्या नोव्हेंबरपासून पाच टक्के आहे. सहाशेच्या जेवणावर तीस रुपये. ज्या हॉटेलवाल्याने कंपोझिशन योजना घेतली आहे त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. आणि 'सर्व्हिस चार्ज' म्हणून जे लावतात ते सक्तीने लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली बजावले व दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 च्या मार्चमध्ये ते उचलून धरले. तो काढायला सांगावा, आणि वाढणाऱ्याच्या हातावर दहा-वीस रुपये स्वतः ठेवावेत.

कारण वाढणारा हाही कामगार आहे. स्वस्त थाळीची किंमत पुष्कळदा आत भांडी घासणारा भरतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना हॉटेलांत आणि ढाब्यांवर कामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली. ज्या टेबलावर पोर फडके मारते तेथून उठावे. मग थाळी साठ रुपयांची असली तरी.

स्वस्त आणि सन्मानाचे अन्न एकाच ताटात येऊ शकते, हे संघटनांनी दाखविलेले आहे. 1957 साली कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामावरून निघालेल्यांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली, पहिली बंगळूरला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 1974 साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, नफा-तोटा न धरता. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकारांच्या तावडीत होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारात नेले. या खाणावळवालीचा आम्ही कामगारांनी कधी विचार केला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. संपात तिची उधारी थकत असे आणि आम्ही आमच्या थकलेल्या पगाराबद्दल घोषणा देत असू.

घरच्या बाजूला जे वाचवायचे ते एकट्याने फारसे वाचत नाही. नायगावात 1948 साली कामगारांच्या वस्तीत 'अपना बाजार' सुरू झाला, तो याच जाणिवेतून. आमच्याकडे घोटी ही तांदळाची पेठ. किराण्याच्या दुकानातून आठवड्याला दोन-दोन किलो घेण्यापेक्षा भातकापणीनंतर पाच-सात घरांनी मिळून पोती आणावीत. आधी पैसा उभा करावा लागतो ही अडचण खरी, म्हणून चाळीतल्या बायकांनी भिशी लावली आहे. गंमत अशी, की तांदळासाठी लावलेल्या या भिशीच्या शेवटच्या हप्त्यातून त्या सगळ्या जणी एका रविवारी नवऱ्यांना घरी ठेवून हॉटेलात जेवून आल्या. आम्हांला हे तिसऱ्या दिवशी कळले.

त्या सभासदाच्या घरचा पहिला रविवार कसा झाला, तेही सांगतो. जेवण झाल्यावर बाईंनी सवयीने ताटे एकात एक रचली आणि उचलायला उठल्या. वाढणारा पोरगा धावत आला. "राहू द्या मावशी, ते माझं काम आहे." मग त्या पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी आणखी एक वाटी आमटी मागितली.

आमची वेळ संपली आहे. वहीची आखलेली कोरी पाने आम्ही बरोबर आणली आहेत, दाराशी ठेवली आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी न्यावीत. पहिला रकाना बायकोच्या नावाचा आहे. तो कोरा राहिला तर पुढच्या पानावर जाऊ नये.