रस्ता सोडून मोटार चालवताना

आपल्याकडील कित्येक खेड्यांनी पाहिलेली पहिली मोटार म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी घडवलेली ही आखूड, उघडीबोडकी गाडी युद्ध संपल्यावर नागरी कामाला लागली, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस तिची जुळवणी मुंबईत होऊ लागली. मग कलेक्टरसाहेबांचा दौरा असो, पाटबंधाऱ्याची मोजणी असो की निवडणुकीचा प्रचार असो, जिथे रस्ता संपे तिथून पुढे जीप जाई. परंतु ती गाडी सरकारची किंवा संस्थेची असे, आणि तिच्या चाकामागे बसणारा माणूस पगारी, अनुभवी आणि बहुधा अबोल असे. कोणता ओढा कुठून ओलांडावा हे त्याला ठाऊक असे. मागे बसलेल्या साहेबांना ते ठाऊक असण्याची गरज पडत नसे.

आता परिस्थिती पालटली आहे. १९८५ मध्ये जिप्सी आली, २०१० मध्ये थार, २०२३ मध्ये जिम्नी. चारही चाकांना ओढ देणारी गाडी आज एखाद्या शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या दाराशी उभी दिसते. गाडी स्वतःची आणि चालकही स्वतःच! वाईट इतकेच की त्या अबोल चालकाजवळ जी विद्या होती, ती गाडीबरोबर मिळत नाही. वाहन चालवण्याचा परवाना देताना डांबरी रस्त्यावरचे कौशल्य पाहतात. निसरड्या चढावर इंजिन बंद पडले तर पुढच्या क्षणी काय करावे, हे कोणी विचारत नाही. आणि तो क्षण मोठा महागात पडू शकतो.

प्रथम ह्या यंत्राविषयीचा एक गोड गैरसमज दूर केला पाहिजे. ‘चारही चाके ओढतात, म्हणजे गाडी कुठेही जाईल’ असे नवा मालक मोठ्या अभिमानाने सांगतो. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. वळताना आतल्या चाकापेक्षा बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची पेटी पुढच्या आणि मागच्या एक्सलवर बसवलेली असते. सरळमार्गी रस्त्यावर ती उपकारक. परंतु एक चाक चिखलात आणि दुसरे कोरड्या दगडावर असले की हीच पेटी चिखलातल्या चाकाला गरगर फिरू देते आणि दगडावरचे चाक स्वस्थ बसते. पुढचे एक व मागचे त्याच्या कर्णावरचे एक अशी दोन चाके अधांतरी झाली, तर चार चाकांची ओढ असलेली गाडीही जागच्या जागी उभी राहते. अलीकडच्या गाड्यांत फिरकी घेणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी योजना असते, काहींत डिफरन्शियलला कुलूप घालण्याचीही सोय असते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे पुस्तिका उघडून आधी वाचावे. पुस्तिका वाचणे हे आपल्याकडे कमीपणाचे का मानतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

दुसरी गोष्ट त्या लहान दांड्याची. ‘हाय’ आणि ‘लो’ अशा त्याच्या दोन जागा. लोमध्ये गाडीची गती सुमारे दोन ते अडीच पटींनी घटते आणि चाकांवरचा जोर तितकाच वाढतो. नवशिका मनुष्य लोचा उपयोग रुतल्यावर करतो. जाणता मनुष्य अवघड जागा समोर दिसताच, गाडी थांबवून, आधीच करतो. कोरड्या डांबरावर मात्र बहुतेक जुन्या-नव्या जीपवळणाच्या गाड्यांत पुढची चाके जोडून चालवू नये. वळणावर पुढच्या चाकांचा मार्ग मागच्यांपेक्षा लांब असतो. मातीत ती थोडी घसरून हिशेब चुकता करतात, डांबरावर तशी घसरत नाहीत, आणि तो ताण मधल्या दांड्यांत व दातेरी चक्रांत साठत जातो.

मला ही विद्या ज्यांनी शिकवली ते मोजणीच्या कामावर उमर घालवलेले एक वृद्ध जीपचालक होते. पहिला संपूर्ण दिवस त्यांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. “साहेब, आधी चालून या, मग चालवा,” एवढेच ते म्हणत. ओढ्याच्या काठी, घळीच्या तोंडाशी, टेकाडाच्या माथ्याखाली ते गाडी उभी करीत, काठी घेऊन उतरत, आणि माती पायाने दाबून पाहत. परत येताना त्यांच्या डोळ्यांपुढे चारही चाकांच्या वाटा आखलेल्या असत. मला वाटते, ह्या विषयातील निम्मे ज्ञान त्या काठीत होते. चाकावर हात कसे ठेवावेत हेही त्यांनीच दाखवले. अंगठे आत गुंफायचे नाहीत, बाहेरच्या कडेवर टेकवायचे. पुढचे चाक दगडावर आदळले की सुकाणूचे चाक एकाएकी उसळून फिरते, आणि आत गुंतलेला अंगठा मोडतो. नव्या गाड्यांत हा झटका बराच सौम्य झाला आहे, पण सवय चांगली आहे.

चढ-उताराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण जिवाशी गाठ इथे आहे. चढ नेहमी सरळ, नाकासमोर चढावा. तिरका कधीच नाही. तिरक्या गाडीच्या खालच्या बाजूला सगळा भार येतो, तेवढ्यात वरचे चाक एखाद्या दगडावर चढले किंवा खालचे खड्ड्यात गेले की गाडी कलंडते. टपावर सामान रचलेले असेल तर हे अधिकच लवकर घडते. आता सरळ चढताना मध्येच गाडी अडली, तर? मनाची पहिली ओढ गाडी वळवून खाली नेण्याकडे असते, आणि नेमके तेच करायचे नाही. पायाचा ब्रेक घट्ट दाबावा, रिव्हर्स गिअर लोमध्ये घालावा, पुढची चाके सरळ आहेत याची खात्री करावी, क्लच पूर्ण सोडावा, आणि मग हळूहळू ब्रेक सोडून इंजिनाच्या आधारावर गाडी आल्या वाटेने मागे उतरू द्यावी. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये ती कधीही घरंगळू देऊ नये. चढावरून मागे सुटलेली गाडी केवळ ब्रेकने आवरणे फार कठीण जाते. ही क्रिया आधी एखाद्या लहानशा, रुंद, मुरमाड चढावर दहा-वीस वेळा मुद्दाम गाडी थांबवून करावी. प्रसंगी विचार करण्यास वेळ मिळत नाही. हातापायांनाच ती ठाऊक असावी लागते.

उताराचेही तसेच. लोमधला पहिला गिअर घालून, क्लचवरचा पाय काढून, गाडी इंजिनाच्या धाकात उतरू द्यावी. ओल्या उतारावर ब्रेक करकचून दाबला की चाके थांबतात पण गाडी थांबत नाही; थांबलेल्या चाकाला दिशा देता येत नाही. मागचा भाग बाजूला सरकू लागला तर, आश्चर्य वाटेल, पण ॲक्सिलरेटर किंचित दाबायचा असतो, म्हणजे चाके पुन्हा फिरू लागतात आणि गाडी सरळ होते. भीतीच्या नेमके उलट जाणारी ही हालचाल आहे, म्हणूनच ती शिकावी लागते.

पाण्याविषयी माझे मत कडक आहे. वाहते पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल आणि आपण चालत जाऊन ते पार करण्यास धजत नसू, तर गाडीनेही ते पार करू नये. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो; शिवाय बंद काचांची गाडी पाण्यात काही अंशी तरंगू लागते, आणि चाकांवरचा भार हलका झाला की तिची जमिनीवरची पकड सुटते. पावसाळ्यात फरशी पुलांवरून वाहून जाणाऱ्या गाड्यांच्या वार्ता आपण दरवर्षी वाचतो. त्यांत दणकट गाड्याही असतात. उथळ, संथ पाण्यात मात्र लोमध्ये शिरावे, समोर एक छोटीशी लाट तयार होईल इतकीच गती ठेवावी आणि मध्ये गिअर बदलू नये. इंजिनात हवा ओढणाऱ्या नळीपर्यंत पाणी पोहोचले तर सर्वनाश. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि आतले दांडे वाकतात. म्हणून पाण्यात बंद पडलेले इंजिन तिथेच पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. लडाख-स्पितीकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. तिथले नाले बर्फाच्या वितळण्यावर जगतात. सकाळी घोट्याएवढे पाणी असलेला नाला ऊन तापल्यावर दुपारी अंगावर येतो. पँगाँगच्या वाटेवरील एका नाल्याला लोकांनी ‘पागल नाला’ असेच नाव देऊन टाकले आहे. असे नाले पहाटे ओलांडावेत. दुपार झाली असेल तर अलीकडे मुक्काम करावा.

वाळूचा स्वभाव वेगळा. जैसलमेरकडच्या सम गावाजवळ वाळूच्या टेकड्या पाहताच उत्साही लोक भरल्या टायरनिशी त्यांवर धाव घेतात आणि पाच मिनिटांत एक्सलपर्यंत रुततात. रस्त्यावर टायरमध्ये ३० पौंडांच्या आसपास हवा असते. मऊ वाळूत ती १६ ते १८ पौंडांवर आणली म्हणजे टायर पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांबतो, आणि गाडी वाळूवर उंटाच्या पायासारखी अलगद पडते. त्याहून फार खाली उतरू नये. टायर रिमवरून निसटतो. हवा कमी असताना वेगही कमी ठेवावा आणि झटकन वळू नये. वाळूत गती सलग हवी, थांबताना ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि थांबावे ते शक्यतो उताराकडे तोंड करून. टेकडीच्या माथ्यापलीकडे काय आहे हे खालून दिसत नाही: पलीकडची बाजू पुष्कळदा एकदम तुटलेली असते, किंवा तिकडून दुसरी गाडी वर येत असते. तेव्हा पुन्हा तीच काठी.

कोकणच्या किनाऱ्यावरच्या वाळूविषयी मात्र मी कोणतेही तंत्र सांगणार नाही. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेणे निषिद्ध आहे, आणि इतरत्रही ते नेऊ नये असेच माझे मत. ओली वाळू घट्ट भासते, पण गाडी रुतली की भरती वाट पाहत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळ्यांचा साधा हिशेब. चतुर्थीला तीनच्या सुमारास समुद्र भरलेला असणार. पर्यटकाला तिथीच ठाऊक नसते! शिवाय वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यापासून अंडी घालतात. चाकांखाली घरटी दबतात, आणि चाकोरीत पडलेल्या पिल्लाला तिच्या भिंती चढून समुद्र गाठता येत नाही. सह्याद्रीतील जांभ्याच्या सड्यांवरही, कासच्या पठारासारख्या ठिकाणी, मातीचा थर बोटभर असतो; पावसात फुलणारी सारी सृष्टी त्यावर उभी आहे. एका गाडीची चाकोरी तिथे वर्षानुवर्षे बुजत नाही. अभयारण्यात तर परवानगीवाचून शिरणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये गुन्हाच आहे.

विदर्भ-मराठवाड्यातील, तशीच माळव्यातील काळी जमीन पावसाळ्यात कोणत्याही टायरला दाद देत नाही. ती ओली होताच फुगते, टायरच्या खाचा भरून त्याला गुळगुळीत करून टाकते, आणि गाडी साबणावर ठेवल्यासारखी फिरते. शेतकरी वाफसा आल्यावाचून रानात औत घालत नाही. आपणही घालू नये.

गाडी रुतली म्हणजे खरी परीक्षा. चाके गरगर फिरवून कोणीही बाहेर आलेले नाही, फक्त खोल गेलेले आहे. एकदा-दोनदा प्रयत्न करून उतरावे, फावड्याने चाकांपुढची माती काढावी, फळ्या किंवा दगड घालावेत, हवा कमी करावी. यापुढचा उपाय म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढणे. म्हणूनच एकट्या गाडीने आडरानात जाऊ नये. ओढताना दोर कुठे बांधतो याला फार महत्त्व आहे. गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवलेल्या हुकालाच तो बांधावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधीही नाही. झटक्याच्या ताणाने तो गोळा तुटतो आणि गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशा रीतीने माणसे मेलेली आहेत. ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी टाकावी, म्हणजे तो तुटला तरी उसळत नाही, आणि पाहणाऱ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे करावे. आपल्याकडे गाडी रुतली की गावाची जत्रा जमते, मुले दोराच्या दोन्ही अंगांना उभी राहतात. त्यांना हटवल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, मग कितीही वेळ जावो.

गाडी उलटण्याचा धोका वेग ताशी दहा किलोमीटर असला तरी असतो. तेव्हा पट्टा बांधलेला असावा, आणि मागे सुटे पडलेले फावडे व जॅक दोरीने जखडलेले असावेत. हात बाहेर काढून तोल सावरण्याचा मोह टाळावा.

आणि डांबरावर परत चढण्यापूर्वी पंप काढून चारही टायरांत हवा भरावी, पुढची चाके सोडवून दांडा पुन्हा जागेवर आणावा, पाण्यातून आलेलो असू तर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवून घ्यावेत, आणि गाडीखाली वाकून एकदा पाहावे. एक्सलला गुंडाळलेली तार किंवा टायरात अडकलेला दगड तिथेच काढता येतो.