मोठी मासळी सोडून द्या



मी मंचेरियलहून आलो आहे. आमच्या गावाला गोदावरी आहे, कोळसा आहे, बल्लारशा–काझीपेठ रेल्वे आहे. समुद्र नाही. तरी आज मी बोलणार आहे खोल समुद्रातल्या मार्लिन माशाविषयी. बारा मिनिटं मिळाली आहेत. सांगायची गोष्ट एकच आहे, ती मी दोनतीनदा सांगेन. ज्यांनी रेडिओ उशिरा लावला त्यांच्याही कानावर ती पडली पाहिजे.

‘एका कोळियाने’ हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. हेमिंग्वेची कादंबरी १९५२ची, मराठीत ती पु. ल. देशपांड्यांनी आणली. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हातानं परतलेला क्यूबाचा म्हातारा कोळी, त्याच्या गळाला लागलेला अठरा फुटी मार्लिन, मग शार्कची झुंड. मी चंद्रपूरला शिकत असताना हे पुस्तक वाचलं आणि तेव्हापासून मार्लिनविषयी जे हाती लागेल ते वाचत आलो. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. म्हातारा त्या माशाला भाऊ मानतो. खरं पाहता एवढा मोठा मार्लिन नर असूच शकत नाही. निळ्या मार्लिनचा नर दीडशे किलोच्या आसपास थांबतो. त्यापुढं वाढते ती मादी. पाचशे, सहाशे किलोंचं जे धूड फोटोत टांगलेलं दिसतं, ती मादी असते. म्हाताऱ्याच्या दोराला भाऊ नव्हता, बहीण होती.

हीच माझी आजची गोष्ट. मोठा मार्लिन म्हणजे मादी.

आपली भाषाही इथं थोडी चकवते. मासा म्हटलं की तो. आकारानं मोठा, ताकदवान, तलवारीसारख्या चोचीचा, म्हणजे तर नक्कीच तो. म्हणून मी आज मुद्दाम मासळी म्हणतो. मासळी म्हटलं की ती.

आता मॉरिशसला चला. तिथं आपली माणसं आहेत. इंग्रजांच्या काळात मुंबई बंदरातून उसाच्या मळ्यांवर करारानं गेलेल्या कोकणी-मराठी मजुरांची ती लेकरं-नातवंडं. आजही तिथं शाळांत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. बेटाच्या नैर्ऋत्येला ब्लॅक रिव्हरचा किनारा आणि ल मॉर्नचा डोंगर आहे. तिथं किनाऱ्यापासून थोडं पुढं गेलं की समुद्राचा तळ एकदम खोल जातो. त्यामुळं दिवस-दिवस प्रवास न करताही बोटी खोल पाण्यात पोचतात. जगभरचे हौशी शिकारी तिथं निळ्या मार्लिनसाठी येतात. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. आपल्याकडं आदिलाबादच्या रानात कापूस वेचणीची धांदल असते, तेव्हा तिकडं उन्हाळा असतो.

मासळी त्याच वेळी का येते? कारण पाणी. हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या दक्षिणेला पूर्वेकडून पश्चिमेकडं वाहणारा एक मोठा उबदार प्रवाह आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी आणखी तापतं. मार्लिनला साधारण चोवीस अंशांहून उबदार पाणी मानवतं. मे महिन्यात विहिरीत उडी मारलेल्यांना हे समजावून सांगायला नको. वर पाणी कोमट लागतं आणि हातभर खाली गेलं की पायाला गार झोंबतं. समुद्रातही तसेच थर असतात, फक्त तो कोमट थर तिथं कित्येक मीटर जाड असतो. मार्लिन त्या थरात राहते, भक्ष्यासाठी खाली गारव्यात बुडी मारते आणि पुन्हा वर येते. खालच्या थंडीत तिची नजर मंद होऊ नये म्हणून डोळ्याजवळच्या एका स्नायूचं रूपांतर शेगडीत झालेलं आहे. तो डोळ्याला आणि मेंदूला ऊब देतो. केवढी अजब रचना ही!

उबदार पाण्याचं आणखी एक कारण आहे आणि माझा मुद्दा तिथंच येतो. मार्लिन अंडी घालते ती उबदार पाण्यात. म्हणजे ज्या हंगामात ती आपल्या हाताशी येते, तो बहुतेक वेळा तिच्या विणीचाही काळ असतो. एक मादी लाखो अंडी सोडते. बहुतेक समुद्री माशांचा हिशेब असा, की दुप्पट वजनाची मादी दुपटीहून जास्त अंडी घालते. म्हणून दहा लहान माद्या वाचवल्या आणि एक थोरली मारली, तर हिशेब जुळत नाही.

पण हौशी शिकारीत बक्षीस कुणाला? सर्वांत मोठ्या वजनाला. १९५३च्या ऑगस्टमध्ये पेरूच्या काबो ब्लँकोला आल्फ्रेड ग्लासेल या अमेरिकन माणसानं काळा मार्लिन पकडला. वजन १५६० पौंड, म्हणजे ७०७ किलो. तो विक्रम अजून मोडलेला नाही. म्हाताऱ्या कोळ्याच्या कादंबरीवर पुढं चित्रपट निघाला, त्यात त्याच झुंजीची दृश्यं वापरली आहेत. शेपटीला दोर बांधून उलटी टांगलेली मासळी, तिच्या अंगावर लिहिलेला वजनाचा आकडा आणि शेजारी हसणारा माणूस. असे फोटो मी शेकडो पाहिले. ती टांगलेली कोण आहे, हे कळल्यापासून मला ते पाहवत नाहीत.

माझ्या लहानपणचं सांगतो. राजुऱ्याजवळ आमचं मूळ गाव. ज्वारी खळ्यावर आली की आजी आधी खळ्यावर जायची. मळणी सुरू व्हायच्या आत ती ढिगातून कणसं निवडायची. सगळ्यांत भरघोस, टपोऱ्या दाण्यांची, कीड नसलेली. त्यांची जुडी बांधून ती चुलीवरच्या आढ्याला टांगायची. वर्षभर धूर लागायचा, किडा लागायचा नाही. एका साली पावसानं दगा दिला आणि घरात दाणे संपले. आईनं शेजारून उसने आणले, पण आढ्याकडं कुणी हात केला नाही. बियाणं ते बियाणं. आम्हा पोरांना ते न सांगता कळत होतं.

थोरली मार्लिन म्हणजे समुद्राच्या आढ्याला टांगलेलं बियाण्याचं कणीस आहे. आजी बियाणं एका सकाळी निवडायची. समुद्राला मात्र निवडायला कितीतरी वर्षं लागतात. लाखो अंड्यांतून एखाददुसरी वाढते, शार्कपासून वाचते, जाळ्यातून निसटते, तेव्हा कुठं ती एवढी होते. आजीचं कणीस एकदा पेरलं की संपतं, ही मासळी दर हंगामात पेरणी करते. आणि आपण काय करतो? खळ्यावर जाऊन नेमकं तेच भरघोस कणीस उचलतो, फोटो काढतो आणि भाकरी भाजतो. मॉरिशसमध्ये धुरावलेला मार्लिन हा नावाजलेला पदार्थ आहे. मला दर वेळी आढ्यावरची ती जुडी आठवते. तिलाही धूर लागायचा, पण पुढच्या वर्षी जगण्यासाठी.

कुणाच्या खाण्याला मी नाव ठेवत नाही. बोटीवरच्या माणसाचं पोट त्यावर आहे. मी म्हणतो एवढंच, की मोठी मासळी सोडून द्या.

हे अशक्य नाही. १९३९ साली खेळासाठी मासे पकडणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, पुढं हेमिंग्वे तिचा उपाध्यक्ष होता. आज त्याच खेळातली कितीतरी माणसं मासळी बोटीच्या कडेला आणतात, तिच्या पाठीत खुणेची चिठ्ठी टोचतात आणि दोर कापतात. दमलेल्या मासळीची चोच धरून बोट हळू पुढं नेतात, म्हणजे कल्ल्यांतून पाणी खेळतं आणि तिला दम येतो. गळही बदलले आहेत. आत वळलेल्या टोकाचा गोल गळ पोटात न अडकता तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर चोचवाल्या माशांच्या स्पर्धांमध्ये खरं आमिष लावायचं असेल तर २००८पासून असाच गळ लागतो.

आता सरकारी नियम. हिंदी महासागरातल्या टूना आणि मार्लिनसाठी एक आयोग आहे, कार्यालय सेशेल्सला, भारत त्याचा सभासद आहे. त्याच्या २०१८च्या ठरावात साठ सेंटिमीटरहून लहान मार्लिन बोटीवर ठेवायचा नाही असं म्हटलं आहे. पिल्लांना संरक्षण मिळालं, चांगलं झालं. पण त्या लांबीच्या नियमात थोरलीला जागा नाही. पट्टेरी मार्लिन तर या महासागरात प्रमाणाबाहेर पकडला गेला आहे, हे आयोगाचे शास्त्रज्ञच सांगतात. त्यात अरबी समुद्राची वेगळी अडचण आहे. तिथं साधारण दीडशे मीटरच्या खाली प्राणवायू फार कमी आहे. मार्लिनला खाली फार वेळ राहता येत नाही, ती वरच्या थरातच कोंडली जाते. आणि तरंगती जाळी त्याच थरात. याविषयी खूप सांगण्यासारखं आहे, पण घड्याळ पुढं सरकतंय. तर मोठा मार्लिन म्हणजे मादी, हे लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, मंचेरियलच्या माणसाला याचं काय? सिरोंच्याच्या, बल्लारशाच्या माणसाला काय? तेच सांगायला मी आलो आहे.

मी विशीत होतो. मृगाच्या सरी पडल्या आणि गोदावरीला पहिलं गढूळ पाणी आलं. घाटावर गळ टाकला आणि तासाभराच्या ओढाताणीनंतर एक मोठी रोहू वर आली. खांद्यावर टाकून सगळ्या बाजारातून मिरवत मी ती घरी नेली. आई विळीवर बसली. पोट चिरलं तर दोन्ही बाजूंनी पिवळसर गाबोळी बाहेर आली. एक ताट भरलं, दुसरं घ्यावं लागलं. बोटानं हलवलं की मोहरीसारखे दाणे वेगळे व्हायचे. आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, “भरल्या पोटाची आणलीस रे.” एवढंच. मग तिनं रस्सा केला आणि आम्ही जेवलो. ते वाक्य मात्र अजून माझ्याजवळ आहे.

रोहू, कतला हे मासे पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध चढतात आणि अंडी घालतात. तिकडं उबदार प्रवाह, इकडं पहिला पूर. मादी हाताशी येण्याचा काळ दोन्हीकडं तोच. कोकणात अशा माशांना चढणीचे मासे म्हणतात. तिथल्या लोकांना ते आवडतात, आपल्यालाही आवडतात. पण चढणीचा मासा म्हणजे बियाण्याची जुडी घेऊन रानात निघालेला शेतकरी आहे. त्याला वाटेत लुटायचं का? नदीवर बंधारे झाले, येल्लमपल्ली धरणाचे दरवाजे झाले, चढायला वाट आधीच थोडी राहिली आहे. प्राणहिता नदीत अजून काय उरलं आहे, हा एक स्वतंत्र विषय आहे. आमचे ढीवर आणि भोई मासेमार बांधव त्याविषयी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलतील. त्यांना एकदा इथं बोलवा अशी मी आकाशवाणीला विनंती करतो.

समुद्रात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. आपल्या घाटावर गळ टाकून बसलेल्या माणसाजवळ मात्र कुणी शिपाई उभा नसतो. तिथं आपणच आपले शिपाई.

दोन मिनिटं राहिली आहेत. तीन गोष्टी सांगतो.

गळाला मोठी मादी लागली, पोट भरलेलं दिसलं, तर हात ओले करा. कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिला रोग धरतो. गळ काढता आला तर पाण्यातच काढा, नाही तर दोर जवळून कापा. तोंड प्रवाहाकडं करून तिला दोन्ही हातांवर धरा. घाई करू नका. तिची ती शेपटी मारेल तेव्हाच सोडा.

दुसरं मायबहिणींसाठी. आषाढात बाजारात जाल तेव्हा मासेवाल्या अक्काला “गाबोळीचा दे” असं म्हणू नका. मध्यम मासा मागा. तुम्ही मागितलं नाही तर ती आणणार नाही. जाळं टाकणारा गिऱ्हाईक बघूनच टाकतो.

तिसरं तरुण मुलांसाठी. तुम्ही आता अंदमानला जाता, गोव्याला जाता, बोटीवरून गळ टाकता. आनंदानं टाका. झुंज घ्या, फोटो पाण्यातच काढा. ‘एका कोळियाने’मध्ये म्हातारा एक जुनी आठवण काढतो. मार्लिनच्या जोडीतली मादी त्यानं पकडली, तेव्हा नर बोट सोडून गेलाच नाही. शेवटी तिला पाहण्यासाठी त्यानं पाण्याबाहेर उंच उडी घेतली. म्हातारा म्हणतो, मार्लिनच्या बाबतीत याहून दुःखाचं त्यानं काही पाहिलं नाही. तो भाग पुन्हा वाचा आणि मगच बोटीवर चढा.

वेळ संपल्याची खूण झाली. आजीच्या जुडीविषयी एक राहिलं. पेरणीच्या दिवशी ती जुडी उतरवायची, दाणे सुपात घ्यायची आणि आम्हा सगळ्या पोरांचे हात एकेकदा त्यात बुडवायची, म्हणजे यंदाच्या पिकाला सगळ्यांचा हात लागला. यंदा मृगात गोदावरीला पहिलं पाणी येईल तेव्हा एक मोठी मासळी तुमच्या हातून पाण्यात जाऊ द्या, म्हणजे पुढच्या पिकाला तुमचाही हात लागेल.