जुन्या जीपचा पत्रा

श्रोतेहो, स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि ही गाडी खेड्यापाड्यांत पोचली. नाशकात माझ्या दारी तशीच एक म्हातारी जीप आहे. पहिल्या खेपेस मी गंजावरच लांबी भरून झकपक रंग दिला. एका पावसाळ्यात फुगे आले, अन् पायाखालचा पत्रा बोटाने फुटला!

तुम्ही तसे करू नका. पत्रा हातोडीने हलकेच ठोकून पाहा. चांगला खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. तेवढा भाग कापा. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी अन् बॅटरी उतरवा. त्याच जाडीचा तुकडा जोडून लगेच रेडऑक्साइड द्या. पाणी निथळण्याची भोके बुजवू नका.

गुरुजनहो, गंज असो की मुलाचा कच्चा पाया, वरच्या रंगाने तो झाकतो, जात नाही.