मावशीचा एक प्रश्न आणि एक प्रोटीन

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय जरा जड आहे, पण ऐकाच.

माझा मावसभाऊ तेरा वर्षांचा. मांडी दुखते म्हणायचा. आम्ही म्हणालो, क्रिकेट खेळताना लागलं असेल. मावशी तेल चोळायची. रात्री दुखण्याने तो जागा व्हायचा, तरी ‘वाढीचं वय आहे’ म्हणत दोन महिने घालवले. मग एक्स-रे, एमआरआय, बायोप्सी. निदान आलं: युइंग सार्कोमा. हाडाचा कॅन्सर.

मावशीचा पहिला प्रश्न होता, “माझं काय चुकलं?”

काहीच नाही. हा आजार सहसा आईवडिलांकडून येत नाही. शरीरातल्या एखाद्या पेशीत ११ आणि २२ क्रमांकाची गुणसूत्रं तुटतात आणि तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात. दोन जनुकांचे भाग एकत्र येऊन एक नवंच प्रोटीन बनतं: ईडब्ल्यूएस-एफएलआय१. साधारण ८५ टक्के रुग्णांत हेच सापडतं. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९२ मध्ये ते ओळखलं.

हे प्रोटीन डीएनएवर ठिकठिकाणी जाऊन बसतं. बंद असायला हवीत ती जनुकं चालू करतं, चालू हवीत ती बंद. पेशी वाढतच राहते.

मग आपली रोगप्रतिकारशक्ती काय करते? प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रोटीनचे तुकडे बाहेर ओळखपत्रासारखे दाखवते. टी-पेशी ते तपासतात. युइंगच्या पेशी बऱ्याचदा हे ओळखपत्र फारसं दाखवतच नाहीत. शिवाय त्यांच्यात इतर बदलही कमी, त्यामुळे त्या ‘परक्या’ वाटत नाहीत. म्हणूनच मोठ्यांच्या काही कॅन्सरमध्ये चालणारी इम्युनोथेरपी इथे फारशी चालत नाही.

हे प्रोटीन फक्त कॅन्सरच्या पेशीत असतं, म्हणजे औषधासाठी नेमकं लक्ष्य. पण त्याचा आकार इतका सैल, की औषधाला पकडायला जागाच मिळत नाही. संशोधन चालू आहे.

तोवर किमो, सर्जरी, रेडिएशन. आजार एकाच जागी असेल तर दहातली सुमारे सात मुलं पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. पसरला, की हा आकडा खूप खाली येतो.

भावाची किमो संपलीय. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे. आम्ही सगळे वाट बघतोय.

तुमच्या घरातलं मूल हाड दुखतंय म्हणून रात्री उठत असेल, सूज असेल, दुखणं आठवड्यांनंतरही जात नसेल, तर तेल बाजूला ठेवा. डॉक्टरांकडे जा, एक्स-रेबद्दल विचारा. बहुतेक वेळा काही निघणार नाही. पण विचारा.

भेटू पुढच्या भागात.